आमची वाटचाल : आधी तेल, मग हवा

आमचं वर्कशॉप कोल्हापूरजवळ शिरोलीच्या पट्ट्यात, पुणे-बेंगळुरू हायवेपासून जवळच आहे. आज आमच्याकडे टर्बो गाड्यांचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाने इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या गाड्यांचं, ट्यूनिंग होतं, पण या जागेची सुरुवात डिझेलच्या पंप-नोझल कामाने झाली. वडील, म्हणजे आमचे आण्णा, मायको कंपनीच्या डिझेल पंपांचे मिस्त्री. ट्रकवाले दोनच तक्रारी घेऊन यायचे, एकतर गाडी धूर मारते, नाहीतर पिकअप नाही. दोन्हींवर आण्णांचं म्हणणं एकच असायचं, पंप उतरवा आणि बेंचवर घ्या.

टेस्ट बेंचवर पंप फिरायला लागला की प्रत्येक सिलिंडरचं डिझेल खालच्या काचेच्या नळीत जमा व्हायचं. ठरलेले स्ट्रोक झाले की बेंच थांबवायचा, फेस बसू द्यायचा आणि वाकून सगळ्या नळ्यांची पातळी एका नजरेत बघायची. एखाद्या नळीत थोडं जरी कमी दिसलं तरी त्या एलिमेंटची, म्हणजे पंपातल्या त्या सिलिंडरच्या भागाची, स्लीव्ह किंचित फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजणी. बाहेर ड्रायव्हर घाई करत उभा असायचा, पण नळ्या जुळल्याशिवाय पंप बेंचवरून उतरत नसे.

टर्बोचे ट्रक आले तेव्हा पंपाच्या टोकाला डायफ्रामची डबी आली. टर्बोची हवा पाइपातून त्या डबीत पोचेपर्यंत रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी, पूर्ण पुढे जात नाही, म्हणजे हवा येण्याआधी जास्त डिझेल सुटतच नाही. गाडी उठत नाही म्हणून पुष्कळ जण त्या डबीचा स्क्रू आवळून मागायचे. आण्णा ते करत नसत. जादा डिझेल म्हणजे काळा धूर आणि एक्झॉस्टची उष्णता, आणि ती उष्णता आधी टर्बोच्या चाकाला आणि मग पिस्टनला खाते, हे ते ड्रायव्हरला शांतपणे समजावून सांगायचे. काही जण ऐकायचे, काही दुसरीकडे जायचे.

पुढे कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल इंजेक्शनची पद्धत, आली आणि जुन्या पंपांचं काम ओसरत गेलं. त्याच सुमारास आपल्याच भागात बनलेल्या पेट्रोल टर्बो गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. रांजणगावची लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली, चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये. धाकटा भाऊ ऑटोमोबाइल डिप्लोमा करून आला होता, मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड होती. आम्ही दोघांनी ठरवलं की आता हेच करायचं.

पेट्रोलमध्ये हिशेब बरोबर उलटा होतो. डिझेलमध्ये हवा किती आली त्यावर तेल ठरतं. पेट्रोलमध्ये तुम्ही तेल किती देऊ शकता त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, ठरवावा लागतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढं पोचलं नाही, तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, ज्वलनाचं तापमान चढतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे आपोआप होणारे स्फोट, सुरू होतं आणि इंजिन काही सेकंदांत जातं. धूर नाही, आधी इशारा नाही. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवातीच्या काळात बेळगावचा एक मुलगा टोइंगवर गाडी घेऊन आला. कुणीतरी वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, पाइपमध्ये हवा सोडणारा स्क्रूवाला ब्लीड व्हॉल्व्ह बसवून बूस्ट सव्वा बारपर्यंत नेला होता. बाकी कशालाही हात लावला नव्हता. "दादा, चार दिवस काय पळाली हो गाडी," एवढंच तो म्हणत होता. तिसरा प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सिलेनवर सुईच्या टोकाएवढे चकचकीत ठिपके. ते ॲल्युमिनियमचे, पिस्टनमधून उडालेले. हेड उघडलं, पिस्टन बाहेर काढला, तर वरच्या दोन रिंगांमधली कड तुटून निघाली होती. तो पिस्टन अजून आमच्या काउंटरवर आहे. "जरा बूस्ट वाढवून द्या" म्हणणाऱ्याच्या हातात आम्ही तो आधी देतो.

आमची पद्धत अशी आहे. गाडी आली की आधी इंजेक्टर काढून फ्लो बेंचवर लावतो. इथेही काचेच्या नळ्याच आहेत, फक्त डिझेलच्या जागी टेस्टिंगचं तेल. मग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, लॉग म्हणजे इंजिनाच्या आकड्यांची नोंद घेतो. ६००० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्या २० मिलिसेकंदांत होतात. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या आधी हवेच्या वाटेत सुटतं तिथे, इंजेक्टरला मिळणारा पूर्ण वेळ तेवढाच. तो १७ मिलिसेकंद उघडा राहू लागला म्हणजे ८५ टक्के झाले, आणि तिथे आम्ही थांबतो. त्यापुढे इंजेक्टर नीट मिटतच नाही, मोजमाप संपतं.

दुसरी गोष्ट फ्युएल प्रेशरची. बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, बूस्टचा पत्ता नसतो. समजा रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ३ बार आहे. मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट आला की इंजेक्टरला प्रत्यक्षात २ बारच उरतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तोच इंजेक्टर तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल देतो, आणि तेही नेमकं जास्त हवं असताना. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन करणाऱ्या टीएसआयसारख्या गाड्यांत वेळ याहून तुटपुंजा असतो. तिथे कॅमवर चालणारा हाय-प्रेशर पंप आधी दम टाकतो. गाडीच्या कॉम्प्युटरने मागितलेला रेल प्रेशर आणि मिळालेला रेल प्रेशर या दोन रेघा लॉगमध्ये एकमेकींपासून सुटू लागल्या, की त्या गाडीची हद्द आली. मग बूस्ट खाली घ्यायचा.

फुल लोडवर लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान ठेवतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल नेमकं जुळलेलं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जादा. एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यांपेक्षा आम्ही लॅम्डाच धरतो, कारण पेट्रोल बदललं की तो रेशोही बदलतो. आणि पेट्रोल तर बदललंच. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं, सिलिंडर थंड ठेवतं, हे खरं. पण इंजेक्टरची हद्द आधी येते. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल करतात, गाळप हंगामात उसाच्या गाड्या आमच्या दारावरून जातात, त्यामुळे तक्रार करायला आम्हाला तोंड नाही आणि इच्छाही नाही. जुन्या पेट्रोलवर सेट केलेल्या गाड्या मात्र आम्ही परत बोलावून घेतल्या आणि बूस्ट जरा उतरवून दिला.

लेहला जाणारे ग्राहक वाढलेत, त्यांच्यासाठी वेगळं काम असतं. लेहची उंची साधारण ३५०० मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. गोव्याच्या किनाऱ्यावर १ बार बूस्ट म्हणजे टर्बोने हवा दुप्पट दाबायची. मॅनिफोल्डमध्ये तेवढाच दाब लेहला ठेवायचा तर तिप्पट. लहान टर्बोला ते झेपत नाही. शाफ्टचा वेग हद्दीबाहेर जातो आणि मिळते ती नुसती तापलेली हवा. म्हणून उंची वाढेल तसं बूस्टचं टार्गेट खाली उतरवणारा टेबल आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये मनापासून, वेळ घेऊन भरतो. डायनोच्या कागदावर तो कुठेच दिसत नाही.

गिअरबॉक्सलाही हद्द असते. पोलोचा कोरड्या क्लचचा सात-स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. इंजिन त्याहून जास्त देऊ शकलं तरी आम्ही देत नाही. यावरून ग्राहक गेलेत. शेजारच्या शहरात त्याच गाडीवर जास्त आकडा मिळतो म्हणून सांगून गेलेत. डायनोचं बँकेचं कर्ज डोक्यावर असताना असा ग्राहक सोडणं सोपं नव्हतं, घरी त्यावर बोलणीही झाली. तेव्हा आण्णांनी फक्त विचारलं, "गाडी परत आली तर कुणाच्या नावाने येईल?" त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

रस्त्यावरच्या गाडीसाठी एक गोष्ट आम्ही आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि वॉरंटी-इन्शुरन्सचा प्रश्नही येतो. आता आमचं बरंचसं काम ऑटोक्रॉस स्पर्धांत आणि ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांचं आहे. उरलेल्यात मोठा भाग तपासणीचा, दुसरीकडे वाढवलेला बूस्ट पेट्रोलच्या हद्दीत परत आणून देण्याचा.

गाडी आणणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवा. टाकी भरून आणा, पण येताना वाटेत नव्हे, तुम्ही नेहमी भरता त्याच पंपावर भरा. ९५ किंवा १०० ऑक्टेन फक्त इथे येण्यापुरतं टाकू नका, कारण ट्यून त्या पेट्रोलवर बसेल आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्ही साधं भराल. प्लग कधी बदलले ते आठवत नसेल तर नवे घेऊन या, जुने आम्ही तुमच्यासमोर काढून दाखवू.