आव्हिला ते आल्बा: एका ल्यूथरनची पायपीट

स्पेनमधल्या आव्हिलाचा तट आणि सोळाव्या शतकातल्या संत तेरेजाचे जन्मस्थान पहिल्याच सकाळी पाहून झाले. पुढे ला मोरान्याचा सपाट माळ लागतो, जिथे कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांमधून सावलीचे झाड न भेटता चालत राहावे लागते. आणि अशा वाटेवर माझा वसईचा कॅथलिक मित्र तेरेजाच्याच काळातला स्पॅनिश संतकवी, क्रूसाचा योहान, याची ‘काळोखी रात्र’ ही कविता मोठ्याने म्हणत होता. मी छिंदवाड्याच्या ल्यूथरन मंडळीतला. तीर्थयात्रा मोडीत काढाव्यात असे आमच्या पंथाचा मूळपुरुष, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये लिहिले, आणि सान्तियागो या स्पॅनिश तीर्थक्षेत्रातल्या थडग्यात प्रेषित याकोब आहे की मेलेले कुत्रे, कोणास ठाऊक, असेही तो पुढे एका प्रवचनात म्हणाला. तरीही मी निघालो, कारण ही कविता मला फार आवडते आणि तिच्या आधारे रचलेले शास्त्र मुळीच पटत नाही.

कविता आठ कडव्यांची आहे. घर निजले असताना प्रेयसी गुप्त शिडीने बाहेर पडते, हृदयात जळणाऱ्या उजेडाखेरीज तिला वाटाड्या नाही, आणि अखेर ती प्रियकरात एकरूप होते. देवाचे नाव एकदाही येत नाही. मग योहान स्वतःच भाष्य लिहितो, त्यात कार्मेल पर्वताची चढण, इंद्रियांची रात्र, आत्म्याची रात्र असे सगळे येते, आणि तिसऱ्या कडव्याच्या पुढे ते सरकतच नाही. मला चीड येते ती या टप्प्यांची. ल्यूथरही आत्म्याला वधू म्हणतो, पण त्याच्या लेखी विश्वासानेच ते लग्न लागते. वराचे नीतिमत्त्व वधूचे होते, तिचे पाप आणि मरण तो आपल्यावर घेतो, आणि त्यानंतरही ती एकाच वेळी पापी व नीतिमान राहते. योहानाची प्रेयसी शेवटी स्वतःलाही विसरते, तेव्हा तिचे पाप कुठे गेले, असे मी विचारले. “अरे, कविता पुरी होऊ दे, मग भांड,” मित्र म्हणाला आणि त्याने पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.

गोतारेन्दुरा मागे पडल्यावर, भर दुपारी, माझ्या टाचेचा फोड फुटला. पुढच्या गावात सगळ्या खिडक्या बंद होत्या; मित्राचा आवाज तेव्हा असह्य झाला होता. एका दारातून एक म्हातारी आली, तिने सावलीत खुर्ची ठेवली, घमेल्यात मीठ घातलेले पाणी आणले, आणि मी नको नको म्हणत असता माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बराच वेळ ती पट्टी बांधत बसली. हा कॅथलिक नाही, ल्यूथरन आहे, असे मित्राने सांगितल्यावर तिने काळजीने विचारले, “म्हणजे डुकराचे मांस चालत नाही का?” चालते म्हटल्यावर पाव आणि चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, आला. पैसे तिने घेतले नाहीत. वेदनेपेक्षा काही न करता बसून राहण्याचाच मला अधिक संकोच वाटला. तिथेच मी मित्राला म्हणालो की कवितेतली शिडी घरातून बाहेर पडण्यासाठी आहे, चढण भाष्यकाराने आणली.

“पण घर आधी कोणी निजवले?” त्याने विचारले. “कृपेने,” मी म्हणालो. योहानही तेच म्हणतो, त्या रात्रीत देव करतो आणि आत्मा फक्त सोसतो, असे त्याचे उत्तर होते, आणि ते खोडता येईना. तरी एक गोष्ट मला बोचतच राहिली: योहान ज्या मीलनाविषयी लिहितो तिथवर मोजकेच पोहोचतात, तर आमचा पाळक ते बाप्तिस्म्याच्या वेळी रडणाऱ्या तान्ह्यालाही देऊन टाकतो.

योहानाचे जन्मगाव फोन्तिबेरोस, तिथे चौकातला योहानाचा पुतळा पाहिला, पाणी भरले, निघालो. पुढचे दिवस आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत.

आल्बा दे तोर्मेसला तेरेजाचे हृदय आणि हात जपून ठेवले आहेत. मित्र गुडघे टेकून बसला. मी मागे उभा राहिलो आणि मनातल्या मनात ल्यूथरचे ते कुत्रे भुंकत होते, पण मित्राचा चेहरा पाहून त्याला गप्प केले. तेरेजा १५८२ च्या ४ ऑक्टोबरच्या रात्री इथेच वारली आणि पोपने दिनदर्शिका बदलल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, “जर्मनीतल्या तुमच्या लोकांनी ते दहा दिवस १७०० पर्यंत मान्य केले नाहीत.” आमचे मिशन स्वीडिश होते आणि स्वीडनने तर १७५३ पर्यंत वाट पाहिली, हे मीच त्याला सांगितले; सालामान्काच्या बसमध्ये तो त्यावर हसत राहिला.