आमची वाटचाल: टाच आमची, लेबल दुसऱ्याचं

हातविणीच्या लोकरी मोज्यांचा हा व्यवसाय आम्ही दोघींनी सुरू केला. मी आणि माझ्या भागीदार, ज्यांना सगळ्याच विणणाऱ्या मावशी म्हणतात. बॉर्डर, पोटरी, पाऊल माझ्याकडे. टाच फक्त मावशींकडे. भांडवल म्हणाल तर लोकरीच्या थोड्या लड्या आणि दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच-पाच सुयांचे संच, सव्वादोन आणि अडीच मिलिमीटरचे. मावशींना बांबूच्या सुया लागतात, कारण त्यांवरून टाके घसरत नाहीत. माझा हात घट्ट, म्हणून मला स्टीलच्या. सुई हातावर ठरते, किमतीवर नाही. नवीन मुलगी आली की मी आधी तिला एक तुकडा विणायला लावते. इंचाला 8 टाके भरले तर 64 टाक्यांचा मोजा आठ इंच घेराचा होतो आणि नऊ इंची पावलावर ताणून नीट बसतो. 7 भरले तर तोच मोजा बुटात गोळा होतो.

लोकरीच्या बाबतीत आम्ही कधी तडजोड केली नाही. 75 टक्के लोकर, 25 टक्के नायलॉन, चार पदरी, घट्ट पिळाची. 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर भरणारी, म्हणजे एक जोड निघतो. नुसत्या मऊपणावर भुलून सैल पिळाची मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची तलम लोकर, घेऊ नका. गळ्याभोवतीच्या मफलरला ती शोभते, टाचेखाली लवकर विरते. आणि एका जोडाची लोकर एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या, नाहीतर उन्हात दोन मोजे दोन रंगांचे दिसतात.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एक व्यापारी आला. मोठी ऑर्डर देतो म्हणाला, नमुने घेऊन गेला, मावशींची टाच उलटीसुलटी करून पाहिली, तोंडभरून कौतुक केलं. त्याच्या शब्दावर आम्ही लोकर भरली. ऑर्डर आलीच नाही. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका व्यावसायिकाच्या जाहिरातीत आमच्याच नमुन्यांचे फोटो दिसले, खाली ‘हातविणीचे’ असं लिहिलेलं आणि किंमत आमच्या निम्म्याहून कमी. पाकिटातून निघायचे ते मशीनचे मोजे.

मशीनवर मोजे करण्याला माझी काहीच हरकत नाही. इंग्लंडच्या विल्यम ली यांनी 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, तेव्हापासून तो धंदा आहे आणि तो प्रामाणिकपणे करता येतो. पण फोटो आमच्या टाचेचा लावायचा आणि माल दुसरा द्यायचा, याला काय म्हणायचं? मावशी टाचेला 32 टाके घेतात. सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा, त्यामुळे टाच दुहेरी जाड होते. मग टाच वळवून बाजूचे टाके उचलायचे आणि हे वाढलेले टाके, म्हणजे कळी, कमी करत परत 64 वर यायचं. त्या पाकिटातल्या मोज्याला हे काहीच नव्हतं, आणि चवड्यावर शिवणीची कड बोटांना टोचत होती. तरी तक्रारी आमच्याकडे आल्या, कारण लोकांनी फोटो ओळखला होता. माल विटला की नाव आमचं, विकला की पैसे त्यांचे. विणणाऱ्या मुली एकेक करून दुसऱ्या कामाला गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. व्यापाऱ्याला देते, अजूनही.

अशा वेळी आमचे एक जुने ग्राहक, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते पाठीशी उभे राहिले. त्यांचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा मोठं, म्हणून उजव्याला 68 टाके आणि डाव्याला 64. बाजारात असा जोड मिळत नाही. त्यांनी दोन्ही प्रकारचे मोजे विकत घेतले, उलटे करून ओळखीच्या माणसांसमोर ठेवले आणि ‘चवड्यावरून बोट फिरवून बघा’ म्हणाले. आमचा चवडा शिवणकामाच्या सुईने टाक्याला टाका जोडून बंद केलेला असतो, बोटाला काही लागत नाही. त्या माणसांनी आगाऊ पैसे देऊन ऑर्डरी दिल्या. पडून राहिलेली लोकर त्यात संपली, आणि गेलेल्यांपैकी काही मुली परत आल्या.

आता मावशी विणत कमी आणि शिकवत जास्त असतात. टाच अजून त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. नमुने मात्र आम्ही कुणालाच नेऊ देत नाही. इथे बसून बघा, हवं तितकं उलटं करून बघा.

मागवताना दोन्ही पावलांची मापं वेगवेगळी पाठवा, उभं राहून घेतलेली, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. धुताना गरम पाणी, सोडा आणि घासणं टाळा. त्यानं लोकर आटते आणि घट्ट होते. पिळू नका, टॉवेलात दाबून सपाट सुकवा. आणि टाच पातळ दिसायला लागली की भोक पडायची वाट न बघता आमच्याकडे पाठवा, रफू आम्ही करून देतो.