परभणी एक, नांदेड तीन

सापडलं एकदाचं! आप्पांच्या आठवणींच्या ईपबमध्ये (ई-पुस्तकाची फाइल) प्रकरणवार शब्द मोजायला पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीय; ती सातव्या प्रकरणाचे शब्द 8,140 दाखवतेय म्हणून मागच्या वेळी रडलो होतो ना? तेच प्रकरण लिब्रेऑफिसात (वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर) चिकटवलं की 3,902. आठवडाभर मजकुरातल्या एचटीएमएल टॅगांवर (मांडणीच्या खुणा) संशय घेतला, सिजिल या ईपब-संपादकात एकेक फाइल उपसली. चोर भलताच निघाला.

काल रात्री लाइट गेली. बॅटरीवर बसून, वैतागून, स्क्रिप्टला नुसती आपल्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची नावं खायला घातली (छत्रपती संभाजीनगर मुळातच दोन शब्दांचं, म्हणून बाहेर ठेवलं). नांदेड 3. लातूर 3. बीड 2, जालना 2, हिंगोली 3, धाराशिव 4. आणि परभणी 1! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही. 7 नावांचे 18 शब्द. नांदेडचे तुकडे छापले तर न, द, ड. काना-मात्रा, अनुस्वार गायब. मी शब्द ओळखायला पायथनचा साधा रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र) वापरला होता; त्यातलं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच धरतं. काना, वेलांटी, अनुस्वार युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांची जागतिक यादी) 'मार्क' म्हणून नोंदलेले, त्यामुळे ते आले की शब्द तिथंच तुटतो. परभणीत वेलांटी एकच, तीही शेवटी. म्हणून वाचली.

रेजेक्स काढून टाकला, सरळ स्प्लिट लावलं, म्हणजे स्पेस दिसली की शब्द तोडायचा. 3,889. आता 13 कमी! आप्पांना 'आला—गेला' असं डॅश जोडून लिहायची सवय, आणि लिब्रेऑफिस डॅशवरही शब्द तोडतं. डॅशच्या जागी आधी स्पेस भरली: 3,902. एवढ्या जोरात टाळी वाजवली की घरचे उठले.

कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरचं काउंट पेजेस प्लगइन अख्ख्या पुस्तकाचा आकडा देतं, प्रकरणवार नाही. त्याच्या नादी लागू नका.

आता फाइलीऐवजी अनुक्रमणिकेवरून प्रकरणं मोजायचं ठरवलं होतं, कारण अकरावं-बारावं प्रकरण एकाच फाइलीत आहेत. पण सगळे आकडे ओळीनं छापले आणि नजर नवव्या, दुष्काळाच्या प्रकरणावर अडकली. बैल खरेदीला 5,220 शब्द, 1972 च्या दुष्काळाला 614. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय लिहायचं? खडी फोडली, सुकडी खाल्ली."

तर अनुक्रमणिका राहू द्या. रविवारी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून आप्पांसमोर बसतो. उतरवून झालं की नवव्याचा नवा आकडा टाकतो.