चाळणीवर उरलेले हिरवे पापुद्रे

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. हल्ली पुण्यातले परसबागवालेही नमुने घेऊन येतात. त्यांना हवं असतं ते नेहमीचंच: सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश. सदाशिव पेठेतल्या एका आजींचा नमुनाही त्यासाठीच आला होता. सावलीत वाळवून चाळला, तर चाळणीवर खड्यांबरोबर हिरवट पापुद्रे उरले. नखाने दाबले की कडकन मोडत. ऑइलपेंट! जुन्या ऑइलपेंटात शिसं सर्रास असायचं. ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, सक्तीची मर्यादा आपल्याकडे २०१६च्या नियमांनी आली. शिशाची तपासणी वेगळी लावली आणि वाड्यावर गेले.

"अगं, औषधाचा थेंब मारत नाही मी. सगळं शेणखतावर," आजी म्हणाल्या. खरंच होतं ते. अळू, पालक, मुळा, सगळं तरारलेलं. पण वाफे भिंतीला लागून, आणि वरच्या खिडक्यांचा रंग वर्षानुवर्षं खरवडून तिथेच पडलेला. शिसं कुजत नाही, पावसाने फारसं खालीही झिरपत नाही. वरच्या वीतभर मातीत बसून राहतं.

भिंतीलगत ६०० पीपीएमच्या वर निघालं, अंगणाच्या मधोमध शंभराच्या आत. अमेरिकेत २०२४ पासून घराभोवतीच्या मातीसाठी २०० हाच सावध होण्याचा आकडा आहे.

मला खरा घोर लागला तो नातवाचा. दीड वर्षाचं पोर, हात मातीत आणि तोच हात तोंडात. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं आणि घाव मेंदूवर बसतो. सूनबाईंना म्हटलं, "आधी डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, भाजीचं नंतर बघू." त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या.

आजी मात्र भाजीवर अडून बसल्या. "धुऊन घेतली तर?" धुतल्याने पानावर बसलेली माती बरीच जाते, मुळातून आत चढलेलं शिसं जात नाही. टोमॅटो, दुधी, वांग्यांच्या फळात ते फारसं उतरत नाही. पालेभाजी आणि मुळा-गाजराची भीती जास्त. शेवटी भिंतीलगतची पट्टी फरशीने झाकायची आणि पालेभाजी बाहेरून आणलेल्या मातीच्या कुंड्यांत लावायची, असं ठरलं. मुळे त्यांनी माझ्यासमोरच उपटून कचऱ्यात टाकले. अळूला हात लावायला मात्र दोन दिवस मागून घेतले.

जुन्या वाड्याची माती तपासायला देणार असाल, तर शिशाची तपासणी वेगळी मागा. नेहमीच्या अहवालात ती नसते.