आमची वाटचाल: खण आणि तो ल्यालेल्या मुली

कोथरूडमधल्या दोन खोल्यांत २०१५ साली आमचं काम सुरू झालं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून खणाचं कापड आणायचं, ब्लाउज आणि कुर्ते शिवायचे, इन्स्टाग्रामवर विकायचे. कापड हातात घेऊन बघायची सोय तिथे नाही, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं फोटोवरच ठरवतं.

पहिल्या कॅटलॉगसाठी मॉडेल पुरवणाऱ्या एका को-ऑर्डिनेटरने पाठवलेल्या साऱ्याच मुली गोऱ्यापान होत्या. सावळी मुलगी मागितली तर म्हणाला, "मॅडम, माल उठणार नाही." ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हे. अमेरिकन 'व्होग' हे फॅशन मासिक १८९२ पासून निघतं. त्याच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल, बेव्हर्ली जॉन्सन, झळकली ती १९७४ मध्ये. २०१३ मध्येसुद्धा माजी कृष्णवर्णीय मॉडेल बेथान हार्डिसन यांना न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, मिलानच्या फॅशन संस्थांना खरमरीत पत्र लिहावं लागलं: एखादीच कृष्णवर्णीय मॉडेल घेता किंवा एकही घेत नाही, हेतू काहीही असो, परिणाम वर्णद्वेषाचाच होतो. मला हे शंभर टक्के पटतं.

आम्ही मुली स्वतःच शोधायला लागलो. हल्याळकडची एक सिद्दी मुलगी इथे शिकत होती. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. पूर्व आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिच्या काळ्याभोर रंगावर हळदी खण असा काही खुलला की शिवणाऱ्या मावशी काम सोडून बघायला आल्या.

खरी मेहनत होती कॅमेऱ्याची. फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर गोरी बाई. आज डिजिटल आहे, तरी कॅमेरा ऑटोवर ठेवला की गडद चेहरा आणि गडद कापड दोन्ही उगाच उजळतात. आमसुली खण फिका लालसर दिसतो आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा आला. म्हणून एक्स्पोजर हाताने लावायचं, मोठा मऊ प्रकाश बाजूने घ्यायचा, गालावरची चकाकी पावडरने मारायची नाही. एडिटिंगमध्ये त्वचा उजळायची नाही, हा नियम. मेकअपवालीकडे गडद शेड्स हव्यातच. मुलीने स्वतःचं फाउंडेशन घरून का आणावं?

मणिपूरची मुलगी घेतली तेव्हा मेसेज आले, "भारतीय मुली मिळत नाहीत का?" अजूनही येतात. प्रत्येक वेळी संताप होतो, आणि प्रत्येकाला आम्ही उत्तर देतो की ती भारतीयच आहे. फोटो एकही काढून टाकलेला नाही.

पुण्यातल्या आफ्रिकन विद्यार्थिनींना का घेत नाही, असंही विचारतात. विद्यार्थी व्हिसावर पगारी काम करता येत नाही आणि फुकट काम आम्ही कुणाकडूनच करून घेत नाही.

सध्या दिवाळीच्या कॅटलॉगसाठी मुली हव्या आहेत. मानधन सगळ्यांना सारखं. फोटो मोबाइलवरचा चालेल, फक्त फिल्टर नको.