ताई, हे चौकोन आनंदाचे आहेत

"तुला आत्ता काय वाटतंय?" हा प्रश्न मला लहानपणापासून विचारला जातो आणि बहुतेक वेळा माझं उत्तर "माहीत नाही" असंच असतं. ते खरं उत्तर आहे, पण ताईला ती टाळाटाळ वाटायची. तिशी उलटल्यावर मला ऑटिझमचं निदान झालं आणि त्या काळात अ‍ॅलेक्सिथायमियाबद्दलही कळलं. शरीरात काहीतरी मोठं चाललंय हे जाणवतं, पण ती भीती आहे, राग आहे की नुसती भूक, हे लवकर उलगडत नाही. पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात त्याला हे नाव दिलं. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्या जणांमध्ये ते आढळतं. ऑटिझम नसलेल्या काहींमध्येही असतं. माझ्यात भरपूर आहे. एखादी गोष्ट मला लागली होती हे कधीकधी मला दोन दिवसांनी कळतं. तोवर समोरच्याने "हिला काहीच वाटत नाही" असं ठरवून टाकलेलं असतं.

गेली काही वर्षं ताई आणि मी एका वहीत आळीपाळीने चित्रं काढून हे एकमेकींना सांगतो. ताईला ऑटिझम नाही. आता आमचं बऱ्यापैकी जमतं, पण चित्र काढून पुढे केलं आणि समोरच्याला मन कळलं, इतकं सोपं ते अजिबात नव्हतं. तेच सविस्तर सांगायचं आहे, कारण "बोलता येत नसेल तर चित्र काढू दे" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि पुढचं कोणी सांगत नाही.

सुरुवात एका कलागटापासून झाली. गट चालवणाऱ्या बाई मनाने फार चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे एक तक्ता होता: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, काळा म्हणजे नैराश्य. मी एक अख्खं पान काळं केलं, कडेला थोडा गडद निळा. बाईंनी जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "खूप त्रास होतोय का?" मला काहीच त्रास होत नव्हता. त्या आठवड्यातली सगळ्यात सुखाची वेळ मी काढली होती: दिवे बंद केलेली खोली, कोणी बोलत नाही, डोळ्यांवर काही आदळत नाही. मला अंधारात विसावा मिळतो. पिवळा रंग, त्यातही ट्यूबलाइटसारखा फटफटीत, दिसला की माझे खांदे वर चढतात. प्रकाश, आवाज, स्पर्श यांची जाणीव खूप तीव्र किंवा खूप मंद असणं २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही धरलं जातं. ज्याचं शरीर प्रकाशाला असा प्रतिसाद देतं, त्याचे रंगांचे अर्थ तक्त्याबरहुकूम कसे असतील?

गट मी सोडला. वही घेऊन ताईकडे गेले.

मी काढलेलं पहिलं पान म्हणजे बारीक चौकोन. शेकडो, एकाच आकाराचे, ओळीने. ताई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती कोंडल्यासारखं वाटतंय गं. तुरुंगाच्या खिडक्या वाटतात." माझ्यासाठी तो निखळ आनंद होता. मी खूश असते तेव्हा माझी बोटं एकच ताल वाजवत राहतात, एकच गाणं मी दिवसभर लावते. तीच पुनरावृत्ती पेनातून कागदावर उतरली होती.

मग तिची पाळी. तिने मोठं झाड काढलं, खाली बाक, बाकावर पाठमोरी बाई. मी म्हणाले, "छान आहे. बाईला शांत जागा मिळालीये, शेजारी कोणी नाही." ताईचा चेहरा बदलला हे मला दिसलं, पण का ते कळलं नाही. तिने त्या आठवड्यात आलेलं एकटेपण काढलं होतं. "हे तर कोणालाही कळेल," ती म्हणाली. मला कळलं नव्हतं, आणि माझे चौकोन तिला कळले नव्हते. दोघींनीही मनापासून काढलं होतं, मनापासून पाहिलं होतं.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर लोकांमधली समजुतीची दरी दुहेरी असते. दोन्ही बाजूंना एकमेकांचं मन वाचणं अवघड जातं, दोष मात्र एकाच बाजूला लावला जातो. २०१६ चा एक प्रयोग तर मला थेट आमच्या वहीचाच वाटतो. रोझाना ईडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दोन त्रिकोण हलवून चिडवणं, मनधरणी करणं असे भाव दाखवायला सांगितले. त्यात चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नुसती हालचाल होती. ऑटिझम नसलेल्या प्रेक्षकांना आपल्यासारख्यांनी हलवलेल्या त्रिकोणांतला भाव जास्त बरोबर ओळखता आला, ऑटिस्टिक लोकांनी हलवलेल्यांतला कमी. चेहरा काढून टाकला तरी फरक उरतोच, कारण तो हालचालीच्या लयीतही असतो, आणि चित्रातली रेघ ही हाताची हालचालच असते. हे वाचल्यावर ताईने मला "नीट काढ ना" म्हणणं बंद केलं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. चित्र पाहणारीने आधी फक्त दिसतं तेवढंच सांगायचं: इथे रेघ जाड आहे, इथे रंग कागदाबाहेर गेलाय, हा कोपरा कोरा ठेवलाय. भावनेचं नाव घ्यायचं नाही. मग प्रश्न विचारायचे, पण "का" असा प्रश्न नको, कारण "का" विचारलं की मी गोठते. हे गरम आहे की गार? जड आहे की हलकं? शरीरात कुठे आहे? वेग किती? अशा प्रश्नांची उत्तरं मला देता येतात. "छातीत, जड, संथ, गार" इथपर्यंत मी पोहोचले की कधीकधी भावनेचं नाव आपसूक सापडतं. नाही सापडलं तरी ताईला पुरेसं कळलेलं असतं. उत्तर लगेच द्यायची सक्ती नाही. वही टेबलावर राहते, मी दोन दिवसांनी त्याच पानावर लिहिते. आम्ही समोरासमोर बसत नाही, शेजारी बसून दोघी कागदाकडे बघतो. नजरेला नजर देण्यात माझी निम्मी शक्ती जायची, ती वाचते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताईनेही काढायचं आणि तिनेही समजावून सांगायचं. हे तिला जड गेलं. आपली भावना उघड आहे असं ज्याला जन्मभर वाटत आलंय, त्याला ती उलगडून सांगणं विचित्र वाटतं. पण एकीने काढायचं आणि दुसरीने निदान केल्यासारखं बघायचं, हे मला मान्य नव्हतं.

साहित्याचा विचार आम्ही उशिरा केला, तो खरं तर आधी करायला हवा. कोळशाची पूड बोटांना लागली की मला दुसरं काही सुचतच नाही. खडूचा आवाज सहन होत नाही. तेलखडू चिकट. गुळगुळीत कागद आणि जेल पेन मिळालं तेव्हा माझी चित्रं एकदम बोलकी झाली, कारण आता हाताचं सगळं लक्ष आत काय चाललंय तिकडे होतं. एखादं ऑटिस्टिक मूल रंगांना हात लावत नसेल तर त्याला कलेत रस नाही असं कृपा करून ठरवू नका. आधी त्याच्या बोटांना काय चालतं ते बघा.

मग आईचं ऑपरेशन आलं. दवाखान्यात मी औषधांच्या वेळा, सलाइन बदलायच्या वेळा, डॉक्टरांनी सांगितलेले आकडे सगळं पाठ करून ठेवलं होतं आणि विचारलं की सपाट आवाजात सांगत होते. नातेवाईक आपसात म्हणाले, हिला बरं जमतं बाई असं राहायला. ताई काही म्हणाली नाही. आई घरी आल्यावर मी वहीत एक पान काढलं. पुन्हा चौकोन.

ताई गोंधळली. आमच्या हिशोबाने चौकोन आनंदाचे. तरीही ती थांबली, दिसतं ते सांगायला लागली: "या वेळी चौकोनांमध्ये फटी नाहीत. प्रत्येक बाजू पुन्हा पुन्हा गिरवलीये." मग तिने पान उलटलं आणि मागून बोट फिरवलं. पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला उंचवटे आले होते, दोन ठिकाणी कागद फाटला होता. "कुठे आहे हे?" तिने विचारलं. "जबड्यात आणि तळहातांत," मी म्हणाले. "आठवडाभर." ती म्हणाली, "मग तू माझ्याइतकीच घाबरली होतीस." मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. हो, मी घाबरले होते.

तेव्हापासून आम्ही चिन्हांचे अर्थ पक्के करत नाही. काय काढलंय यापेक्षा कसं काढलंय हे आधी बघतो: दाब, वेग, फटी, किती वेळा गिरवलं. ताई आता प्रत्येक पान उलटून बघते.

ओळखीचे लोक हे ऐकून स्टीफन विल्टशायर यांचं नाव घेतात. हेलिकॉप्टरमधून एकदा पाहिलेलं शहर आठवणीतून बारकाव्यांसह काढणारे ते ऑटिस्टिक चित्रकार खरोखर थोर आहेत, पण माझी रेघही सरळ येत नाही आणि यायची गरजही नाही. सगळेच ऑटिस्टिक लोक चित्रांतून विचार करतात असंही नाही. काहींच्या डोळ्यांपुढे चित्र उभंच राहत नाही. त्यांच्यासाठी गाण्यांची यादी असेल, फोटो असतील, ठोकळे असतील. ज्याला जे हातात धरवतं तेच त्याने घ्यावं.

राग मात्र आम्हाला अजून कागदावर आणता आलेला नाही. माझा राग उशिरा येतो आणि झोपेच्या रूपाने येतो. ताईचा लगेच येतो आणि बोलून संपतो. दोघींच्या रागाची पानं एकमेकींना कोरीच वाटतात. म्हणून सध्या मातीकाम करून बघतोय, कारण मातीत दाब दोन्ही बाजूंनी उमटतो. मला ओल्या मातीचा गार, जड स्पर्श फार आवडतो. ताईला ती हाताला लागलेली सहन होत नाही, म्हणून ती रबरी हातमोजे घालून बसते. हातमोज्यांमुळे तिच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, पण दाब उमटतो, आणि आम्हाला तेवढा पुरतो.