चाल उसनी, गाणं कुणाचं?

भीमगीतांच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या गाण्यांच्या, पार्टीत पेटी वाजवतो म्हणून हा प्रश्न मला ठरलेलाच. "वामनदादांची कितीतरी गाणी सिनेमाच्या चालीवर बसतात. मग त्यात त्यांचं काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

भीमगीतं लिहिणारे लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. शाळा नाही. मुंबईत आले आणि मिळेल त्या कामाला भिडले. चाळीत कुणीतरी वाचायला पत्र दिलं, ते वाचता येईना. ती गोष्ट एवढी जिव्हारी लागली की थोराड वयात बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं पक्की केली. १९४३ साली पहिलं गाणं जुळवलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. म्हणजे उसन्या चालीचा मामला पहिल्यापासूनचा. त्यात लपवायचं काय?

गाणं ऐकायला बसलेली माणसं दिवसभर राबून आलेली, त्यातल्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नाही. त्यांना छापील कागद देऊन काय उपयोग? चाल कानातली असली की दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती सूर धरते. दादांचा पहिला संग्रह 'वाटचाल' आला १९७३ साली. तोवर तीस वर्षं गाणी तोंडातोंडी आणि गायकांच्या वह्यांतून फिरत होती. ती टिकली यात चालीचा वाटा मोठा.

आता त्यांचं स्वतःचं काय ते बघा. 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो, सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठं हाय हो.' बिर्ला-बाटा-टाटापर्यंत लोक नुसते हसत असतात. 'साठा' आला की माना वळतात. 'वाटा' आला की टाळी पडते, आणि ती हसण्याची नसते. संपत्तीच्या वाटपावर तासभर भाषण ठोकून जे साधत नाही ते चार यमकांत. हे कुठल्या सिनेमावाल्यानं दिलं? यमक जुळवणारे पायलीला पन्नास मिळतील, पण यमकागणिक मुद्दा पुढं सरकवणारे किती?

आणि शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' येतो. त्यांनी केलेली ती सहीच. दादा २००४ साली गेले, तेव्हापासून ते कडवं गाळून गाणं आपल्या नावावर खपवणारेही निघालेत. उसनवारीचा हिशेब मागायचाच तर त्यांच्याकडं मागा. असल्यांच्या साथीला मी पेटी घेऊन बसत नाही, सुपारी कितीची का असेना.